सीटखालचा स्विच

"आप्पा, तुम्ही जरा बाजूला व्हा," मी म्हणालो. "उजेड अडतोय."

आप्पा बॉनेटवर वाकले होते ते सरळ झाले. हातातला पिवळा फडका त्यांनी खांद्यावर टाकला आणि दोन पावलं मागं सरकले. तेरा वर्षं त्या गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. धुणं तेच, पुसणं तेच, चालवणं तर तेच. आणि मी त्यांच्या पोटचा पोरगा त्यांना सांगत होतो, उजेड अडतोय म्हणून.

कोल्हापुरात नागाळा पार्कातला मगदूमांचा बंगला. मे महिना, दुपारचे दोन. पोर्चमध्ये ती लांबलचक काळी जर्मन गाडी उभी होती. त्यांच्या फौंड्रीचे चांगले दिवस होते तेव्हा थोरल्या मालकांनी, बाळगोंडा अण्णांनी, ती घेतली होती. त्या काळी कोल्हापुरात तशा दोन का तीनच होत्या. आप्पा आधीपासूनच त्यांचे ड्रायव्हर, पण ही गाडी आल्यावर त्यांच्या चालण्यातच फरक पडला असं आई म्हणायची.

अण्णांना जाऊन महिना झाला होता. त्यांचा मुलगा सन्मतीदादा गाडी विकत होता. निपाणीचे तंबाखूवाले शिरगुप्पे चार वाजता येऊन गाडी चालवून बघणार आणि पसंत पडली तर घेऊनच जाणार, असं ठरलं होतं. सकाळी सन्मतीदादांनी गाडी काढली, शहरातून चांगली तासभर फिरवली, वॉशिंगला नेऊन आणली, दीड वाजता पोर्चमध्ये लावून बंद केली. पावणेदोनला परत चालू करायला गेले तर होईना. सेल्फ फिरतोय खणखणीत, पण इंजिन काही पकडत नाही.

"काय रे धनाजी, होईल ना?" सन्मतीदादा घड्याळ बघत म्हणाले. "नाही तर शिरगुप्प्यांना फोन करून टाकतो, येऊ नका म्हणून. पण मग तो माणूस परत येत नाही बघ."

"होईल की. न व्हायला काय झालं?"

हे मी अशा तोऱ्यात म्हणालो की जणू त्या जर्मनांनी मला विचारूनच गाडी बनवली होती. मी सत्तावीस वर्षांचा. पुण्यात सहा वर्षं परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढून तीन महिन्यांपूर्वी परत आलो होतो. उद्यमनगरात एक शेड भाड्यानं घेतलं होतं, दारावर पाटी लावली होती, स्कॅनर आणला होता, आणि रोज सकाळी त्या स्कॅनरवरची धूळ पुसत होतो. दुसरं काम नव्हतंच. कोल्हापुरात प्रत्येकाचा मिस्त्री ठरलेला असतो, आणि तो मिस्त्री मेला तर त्याचा पुतण्या असतो. नव्या माणसाकडं कोण येतंय? त्या दिवशीसुद्धा मला बोलवा असं आप्पांनीच सन्मतीदादांना सांगितलं होतं. "माझं पोरगं ह्याच गाड्यांचं शिकून आलंय," म्हणाले होते.

आप्पांचं त्या गाडीत काय अडकलं होतं, हेही सांगायला हवं. बंगल्याच्या मागं आउटहाउस होतं. दोन खोल्या, पुढं तुळस, बाजूला आईनं लावलेला शेवगा. मी तिथंच वाढलो. अण्णा सगळ्यांसमोर म्हणायचे, हिंदुराव आणि त्याची बायको जिवंत आहेत तोवर ह्या खोल्या त्यांच्या. पण ते तोंडचं बोलणं. अण्णा गेल्यावर आईनं सन्मतीदादांना विचारलं, आमचं आता कसं? तर ते म्हणाले, "गाडीचं एकदा मिटू दे, मावशी. मग बघू." आईनं त्याचा अर्थ बरोबर ओळखला होता. गाडी सुखरूप गेली तर खोल्या राहतील. त्या दिवशी ती सकाळपासून खिडकीत उभी होती, आणि ती खिडकी थेट पोर्चकडं उघडायची.

त्यात आप्पांनी आधीच एक घोळ करून ठेवला होता. गाडी विकायची म्हटल्यावर ते सन्मतीदादांना म्हणाले होते, "दादा, येवढी येक गाडी ऱ्हाऊ द्या. मालकांची आठवन हाय. मी पगार न घेता बघतो तिचं." सन्मतीदादा हसले होते. हसले, पण विसरले नव्हते.

मी बॅटरी बघितली, ठीक. फ्यूज बघितले, सगळे ठीक. स्कॅनर लावला. आतमध्ये एकही दोष नोंदलेला नाही.

"जरा गार हू दे की तिला," आप्पा मागून म्हणाले. "सकाळधरनं तापलीया. तापली की कवाकवा नखरं करती. तासभर गेला की हुतीया आपसूक चालू."

"ही काय म्हैस आहे का आप्पा, डबक्यात बसवून गार करायला?"

सन्मतीदादा खो खो हसले. आप्पाही थोडेसे हसले. मालक हसले की ड्रायव्हरनं हसायचं असतं. मला मात्र त्या हसण्यानं अंगावर मूठभर मांस चढलं. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावी वाटतं.

मी मागची सीट काढली आणि टाकीतल्या पंपाची वायर उघडी केली. तिला टेस्ट लॅम्प लावला आणि सन्मतीदादांना सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरत होतं, पण दिवा लागत नव्हता. म्हणजे पंपाला करंटच येत नव्हता. करंट नाही तर पेट्रोल नाही, पेट्रोल नाही तर गाडी कशी चालू होणार? आता फक्त करंट कुठं अडला हे शोधायचं होतं. माझा जीव भांड्यात पडला. हे असलं मला डोळे मिटून येत होतं.

आणि तिथंच मला ती वायर दिसली. पंपाच्या मूळ वायरीला कुणीतरी मध्येच कापून दोन साध्या लाल वायरी जोडल्या होत्या आणि त्या गालिच्याखालून पुढं गेल्या होत्या. कंपनीचं काम नव्हतं ते. आपल्याकडच्या कुठल्या तरी मिस्त्रीचं होतं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"दादा, ह्या गाडीला चोर-स्विच बसवलाय काय?"

"चोर-स्विच म्हणजे?"

"लपवलेला स्विच. तो बंद करून ठेवला की पंप चालत नाही. चोरानं सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली तरी गाडी जागची हलत नाही. जुन्या लोकांना फार हौस असायची."

सन्मतीदादांना काही माहीत नव्हतं. त्यांनी आप्पांकडं बघितलं.

"हाय," आप्पा म्हणाले. "डायवर सीटच्या खाली. पन त्येचा काय…"

"थांबा हो आप्पा, बघू तरी द्या."

मी थांबायला सांगितलं आणि ते थांबले. आयुष्यभर गाडी चालवणाऱ्या माणसाला थांब म्हटलं की थांबायची सवय असते. मी गुडघ्यावर बसलो, सीटखाली हात घातला. रुळाच्या मागं, गालिच्याची कड उचलल्यावर, बोटाला तो लागला. घरातल्या दिव्याला असतो तसला छोटा काळा स्विच. वाकून बघितलं, तर बंद बाजूला होता.

मी तो दाबला. उठून ड्रायव्हरच्या जागी बसलो, किल्ली फिरवली. अर्ध्या सेल्फला गाडी चालू झाली.

काय आवाज होता तो! पोर्चमध्ये उभा असलेला माळीसुद्धा म्हणाला, वा. सन्मतीदादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पावणेतीन वाजले होते. शिरगुप्पे यायला सव्वा तास होता. मला वाटलं आता आप्पांची छाती फुगेल, आता ते म्हणतील, बघा, माझं पोरगं.

आप्पा त्या स्विचकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. एखादा माणूस रस्ता चुकल्यावर थबकून बघतो तसे ते बघत होते.

"हा स्विच बंद कुणी केला?" सन्मतीदादांनी विचारलं.

इंजिन चालूच होतं.

"सकाळी मी गाडी फिरवली तेव्हा चालू होती. पावणेदोनला बंद. मधल्या वेळात कुणीतरी केला. हिंदुराव, हा स्विच कुणाकुणाला माहीत होता?"

"थोरल्या मालकास्नी," आप्पा म्हणाले. "आन मला."

"बाबा तर महिन्यापूर्वी गेले."

"व्हय."

"मग?"

खिडकीतली आई दारात आली होती. पदर तोंडाशी धरून उभी.

"मी न्हाई क्येलं, दादा."

"बाबा वरून खाली येऊन करून गेले काय मग?" सन्मतीदादांचा आवाज चढला. ते आप्पांना कायम तुम्ही म्हणायचे. त्या घडीला तुम्ही गेलं. "गाडी विकू नका, विकू नका म्हणून माझ्या मागं लागला होतास. गिऱ्हाईक यायच्या दिवशी हे धंदे? सव्वीस वर्षं माझ्या बापाचं मीठ खाल्लंस ना रे?"

"मी न्हाई क्येलं," आप्पा परत म्हणाले. पुढं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या अगदी समोर होतो, हातात टेस्ट लॅम्प, शर्टावर धूळ. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

मी काय करायला हवं होतं? माझा बाप होता तो. ज्यानं कुणाची सुपारीसुद्धा न विचारता उचलली नाही, तो माणूस. पण माझ्यासमोर बंद स्विच होता, चालू झालेली गाडी होती, आणि स्कॅनरवाला, पुण्याहून शिकून आलेला मी होतो. मला वाटलं, आता बापाची बाजू घेतली तर हे लोक म्हणतील, ड्रायव्हरचंच पोरगं शेवटी, आतून सामील. मला न्यायाधीश व्हायचं होतं, साल्या मला!

"आप्पा," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "असं करायला नको होतं तुम्ही."

आप्पांनी मान खाली घातली. खांद्यावरचा पिवळा फडका काढला, त्याची घडी केली आणि बॉनेटवर ठेवला. मग ते आउटहाउसकडं निघाले. आई दारातून बाजूला झाली, त्यांना आत जाऊ दिलं.

"तू भला माणूस आहेस, धनाजी," सन्मतीदादा म्हणाले. "स्वतःचा बाप असून खरं बोललास. असली माणसं कुठं मिळतात? उद्यापासून फौंड्रीच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडं. दोन ट्रक, चार टेम्पो, घरच्या तीन. हिंदुरावला मात्र आठ दिवसांत खोल्या खाली करायला सांग. पोलिसात देत नाही, ते तुझ्यामुळं."

हे सगळं आप्पांना ऐकू गेलं असणार. ते दाराच्या आतच होते.

शिरगुप्पे चारला आले, गाडी चालवली, खूश झाले आणि घेऊन गेले. मी फाटकापर्यंत गेलो. गाडी वळताना मागची काच चमकली एवढं आठवतं.

आठ दिवसांनी टेम्पोत सामान भरलं. टेम्पो मगदूमांचाच होता, चालवत मीच होतो. आप्पा पुढं न बसता मागं सामानात बसले. आई माझ्या शेजारी. गारगोटीच्या पुढं आमचं गाव, तिथं पडकं का होईना घर होतं. आई अख्ख्या वाटेत एकदाच बोलली. "मला वाटलं न्हवतं रं, हेनी असं करतील."

"जाऊ दे आई. गाडीवर जीव होता त्यांचा."

"गाडीवर हुता. आन माझ्यावर?" आई म्हणाली. "माझ्या शेवग्याला औंदा पहिल्यांदा शेंगा धरल्यात्या."

आप्पांनी गावात तिला शंभरदा सांगितलं असेल, मी नाही केलं. पण ती ऐकेना. "पोरानं सोता शोदून काडलं न्हवं? माझं पोरगं खोटं बोलंल व्हय?" एवढंच तिचं. गावातही बातमी पोचलीच. बायका विहिरीवर विचारायच्या, मालकानं कशापायी काढलं? आई विहिरीला जायची बंद झाली. आधी तिन्हीसांजेला दोघं ओट्यावर चहा घेत बसायची, ते बंद झालं. आप्पांचा चहा ती चुलीजवळ झाकून ठेवायची आणि शेजारणीकडं निघून जायची. मी महिन्यातून एकदा जायचो, साखर-चहापत्ती, औषधं पोचवायचो. बाप-लेकात त्या विषयावर अक्षर निघालं नाही. मला वाटायचं, लाजले असतील. मी उदारपणानं त्यांना माफ केलं होतं, घ्या!

माझं मात्र बरं चाललं. मगदूमांच्या गाड्या आल्या म्हटल्यावर इतर फौंड्रीवाले आले. मग डॉक्टर आले, बिल्डर आले. ड्रायव्हरचा पोरगा असून बापाची चोरी उघडी पाडली, ही गोष्ट सन्मतीदादांनी क्लबात सांगितली होती म्हणे. प्रामाणिक माणूस म्हणून लोक माझ्याकडं यायचे. एका शेडाची तीन शेडं झाली.

पाचव्या वर्षी आई गेली. छातीत पाणी झालं होतं. गडहिंग्लजच्या दवाखान्यात अकरा दिवस होती.

ती गेल्यानंतर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये, दुपारी माझ्या गॅरेजसमोर टोइंगची गाडी थांबली आणि तिच्यावरून ती काळी गाडी उतरली. सोबत शिरगुप्प्यांचा जावई होता.

"सासऱ्यांनी तुमचंच नाव सांगितलं," तो म्हणाला. "तुम्हीच एकदा चालू करून दिली होती म्हणे. हिचं एक दुखणं काही जात नाही बघा. तापली आणि बंद केली की परत चालू होत नाही. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की होते."

"कधीपासून?"

"आणली तेव्हापासूनच. पहिल्याच आठवड्यात संकेश्वरला अडकलो होतो. आम्ही मग सवयच करून घेतली. लांब न्यायचीच नाही, लग्नाबिग्नाला गावातल्या गावात फिरवायची. आता विकायची म्हणून म्हटलं नीट करू."

आणली तेव्हापासून. मी तरी अजून काही ओळखलं नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि गाडी गार होती तेवढ्यात चालू करून तासभर तशीच ठेवली. बंद केली. परत सेल्फ मारला. इंजिन फिरतंय आणि पकडत नाही. अगदी त्या दिवसासारखं.

ह्या वेळी मी स्कॅनर लावून नुसते नोंदलेले दोष बघितले नाहीत, सेल्फ चालू असताना आत काय दिसतंय ते बघितलं. इंजिन गरागरा फिरत होतं आणि स्कॅनरवर फेरे दाखवत होता शून्य. इंजिनाच्या खाली सुपारीएवढा एक सेन्सर असतो. इंजिन फिरतंय की नाही हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. तो तापल्यावर मुका व्हायचा. कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन थांबलंय, म्हणून तो पंपाला करंटच देत नव्हता. गार झाला की सेन्सर परत बोलायला लागायचा. असला बिघाड मागं नोंद ठेवून जात नाही.

मी खाली बसलो. उकिडवा, गाडीच्या दाराजवळ. सीटखाली हात घातला. तो स्विच अजून होता. चालू बाजूला, मी दाबला होता तसाच.

पाऊण तासानं गाडी आपोआप चालू झाली. इंजिन चालू असताना मी सीटखाली हात घातला आणि तो स्विच बंद केला.

इंजिन बंद पडायला हवं होतं. पडलं नाही. मजेत चालत राहिलं.

परत चालू केला, परत बंद केला. काही फरक नाही. मी दाराच्या कडेची पट्टी उचकटली, गालिचा वर ओढला. त्या दोन लाल वायरी स्विचपर्यंत पोचतच नव्हत्या. वीतभर अलीकडंच त्या कापल्या होत्या आणि एकमेकींना पीळ देऊन जोडून टाकल्या होत्या. वर काळी टेप. टेप इतकी जुनी की बोट लावल्याबरोबर तिचा भुगा झाला. तो स्विच कित्येक वर्षं मेलेला होता. चालू असो, बंद असो, गाडीला त्याचं काही नव्हतं.

आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण असतं, बिघाड सापडला असं वाटलं की तो परत पाडून बघायचा. स्विच दाबून गाडी चालू झाली? मग तोच स्विच बंद करून ती बंद पडते का बघ. पडली तर तुझं खरं. पुण्यात उस्तादांनी हे मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो होतो. त्या दिवशी पाच सेकंदांचं काम होतं ते. हात तर सीटखालीच होता. पण टाळ्या पडत होत्या ना!

शिरगुप्प्यांचा जावई विचारत होता, काय झालं, काय सापडलं? मी म्हणालो, सेन्सर गेलाय, दोन दिवस लागतील. आणि तसाच मोटरसायकल काढून गावाकडं निघालो.

आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. एकटे. केस कापायचे राहिले होते.

"ह्या टायमाला कसा?" ते म्हणाले.

"ती गाडी आली होती आज. शिरगुप्प्यांची."

शेंग फोडणारा हात थांबला. "बरी हाय नव्हं?"

"आप्पा, तो स्विच मेला होता. वायरी कापून जोडल्या होत्या. कुणी केलं ते?"

"मीच," ते म्हणाले, आणि पुढची शेंग घेतली. "थोरलं मालक येकदा सोताच गाडी घिऊन गेलं, वाटंत थांबून स्विच बंद क्येला आन परत लावायचं इसारलं. शिरोलीच्या नाक्यावर भर उनात दोन तास. परत आल्यावर मला फाडून खाल्लं. म्हनलं मरू दे ह्यो स्विच. येक दिवस गपचिप जोडून टाकलं. मालकास्नी सांगिटलं न्हाई, त्यास्नी लई कवतिक त्येचं. ते आपलं मनाला यील तसं दाबत बसायचं, बंद म्हना, चालू म्हना."

"म्हणजे त्या दिवशी पोर्चमध्ये तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"माझं चुकलंय हे माहीत होतं."

"व्हय की. गार झाली म्हनून चालू झाली ती."

"मग बोलला का नाही? एक गालिचा उचलायचा होता आप्पा! मीच तोंडावर पडलो असतो, तुमच्यावरचं सगळं गेलं असतं!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"पयलं गिऱ्हाइक हुतं तुजं," ते म्हणाले. "आन मीच त्यास्नी सांगून तुला बलीवलेलं. बोलाय त्वांड उघडलं हुतं म्या. पन म्हनलं, ह्येला येक स्विच कळंना म्हनल्यावर गावात कोन गाडी दील? माझं काय, सव्वीस वर्सं झालीवती करून. वाटलं, दादा दोन दिस बोलतील आन इसरतील. खोल्या काढून घेतील आसं वाटलं न्हवतं. त्यानं तुला गाड्या दिल्या, मग तर बोलायची सोयच ऱ्हायली न्हाई."

"निदान आईला तरी सांगायचं! आईला का नाही सांगितलं?"

"तुज्या आयला? तिच्या पोटात ऱ्हायलं असतं व्हय? दुसऱ्या दिशी मगदुमाच्या फाटकात हुबी ऱ्हाऊन बोंब मारली असती तिनं, माज्या दाल्ल्याचं न्हवं, पोराचं चुकलंय म्हनून. मग?"

मी ओट्याच्या कडेला बसलो. आप्पांनी सोललेले दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला केली.

"लई इचारायची," ते म्हणाले. "रोज न्हवं, पन मधनंच. का केलासा म्हनून. म्या म्हनायचा न्हाई क्येलं. दवाखान्यातबी इचारलं. नळी लावलेली नाकात, बोलवत न्हवतं, तरी हात धरून म्हनली, आता तरी खरं सांगा, तुमीच केलतासा न्हवं?"

"मग?"

"व्हय म्हनलं."

"आप्पा…"

"त्या वक्ताला तुजं नाव कशाला घालायचं तिच्या कानात? जाताना पोराचं वाईट वाटून जानार ती. म्हनलं, व्हय, म्याच क्येलं." आप्पांनी सूप हलवलं, उगीचच. "मला वाटलं, खरं बोलला म्हनून तरी हातात हात ऱ्हाऊ दील. पन तिनं हात काढून घेतला आन भितीकडं त्वांड क्येलं. मग काय बोललीच न्हाई. सांजच्याला गेली."

त्या दिवशी मी दवाखान्यात नव्हतो. मगदूमांचा ट्रक माल भरून तावडे हॉटेलजवळ बंद पडला होता. सन्मतीदादांचा फोन आला म्हणून मी आईला तशीच सोडून तो चालू करायला गेलो होतो.